तहकूब सभा
(रोजनिशीतील पाने)

२५ जून २०२५, बुधवार

आणीबाणीला आज पन्नास वर्षे झाली. मी तेव्हा आठवीत होते. वडील रात्री रेडिओचा आवाज बारीक करून बीबीसी लावत. सकाळी वर्तमानपत्र आले की वरवर चाळून बाजूला ठेवत. त्यात काही नसणार हे त्यांनी गृहीतच धरलेले असे.

पुढे शिक्षिका झाल्यावर त्या दिवसांबद्दल वाचले. २५ जूनच्या रात्री दिल्लीत बहादुरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज तोडली. २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. संसदेत काय बोलले गेले ते निर्धास्त छापता यावे म्हणून फिरोज गांधींनी १९५६ साली आणलेला कायदा रद्द झाला. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था मोडून एकच ‘समाचार’ उभी केली. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून निषेध केला आणि नंतर त्या तुरुंगात गेल्या.

त्याच १९७५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने राज नारायण खटल्यात सांगितले होते की, जनतेच्या नावाने चालणारा कारभार जाणून घेण्याचा हक्क जनतेला आहे. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी ते लिहिले. हक्क मान्य झाला आणि पाच महिन्यांत दिवे गेले.

त्या वेळी माहिती अडवायला वीज तोडावी लागली. कोरी जागा दिसायची, त्यामुळे काहीतरी दडवले जाते आहे हे तरी कळायचे. आता कोरी जागा कुठे दिसत नाही. हातातल्या फोनवर पहाटेपासून बातम्या वाहतात. अमेरिकेत कोण काय बोलले हे गावातल्या पोरांना पाठ असते. पण वेशीजवळच्या नव्या पाण्याच्या टाकीवर किती खर्च झाला, ती कोरडी का, हे कुणाला माहीत नाही. माहीत नाही याचे कुणाला फारसे काही वाटतही नाही. मला या दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन झाले, मुलांना खाऊ वाटला, भाषणे झाली. त्यानंतर ग्रामसभा. दवंडी दिली होती, फलकावर नोटीस होती, ग्रुपवर निरोप होता. सरपंच, काही सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब, अंगणवाडीच्या ताई, शिपाई, पारावरची नेहमीची म्हातारी मंडळी आणि मी. बाकी गाव झेंड्याला आले आणि झेंड्यावरून परत गेले.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल ती. आमच्याकडे शंभर लागतात. तेवढे कधीच नसतात. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. जे असतील त्यांच्यात ठराव होतात आणि ते सगळ्या गावाचे ठराव म्हणून वर जातात.

हा नियम कुणी वाईट हेतूने केला असे मी म्हणत नाही. माणसे आली नाहीत म्हणून गावाचे काम अडू नये एवढाच त्यामागचा विचार. पण वर्षानुवर्षे पहिली सभा तहकूब होण्यासाठीच भरते आहे. दुसऱ्या सभेत कोण असणार हे आधीच ठरलेले असते.

भाऊसाहेबांनी आजचे विषय वाचून दाखवले. त्यातला एक होता, ‘हर घर जल’ गाव म्हणून घोषित करण्याबाबत. पुढची सभा २२ तारखेला.

१६ ऑगस्ट

शेजारच्या वहिनींना विचारले, काल सभेला का आला नाहीत? त्या भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “बाई, घरकुलाचा दुसरा हप्ता यायचाय. तिथं येऊन पाण्याचं विचारलं तर हप्ता येईल का? कशाला वाईटपणा घ्यायचा?”

मी गप्प राहिले. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. रहिवासी दाखला, घरकुल, पोराच्या जातीच्या दाखल्याची कागदपत्रे, म्हाताऱ्या सासूचे निराधारचे अनुदान, या सगळ्यांच्या वाटेत त्याच चार माणसांच्या सह्या आणि शिफारशी. शहरातले लोक म्हणतात, खेड्यात जागृती नाही. जागृती भरपूर आहे. आपण काय विचारले तर आपले काय अडेल, हे वहिनींना एखाद्या हिशेबनीसापेक्षा जास्त बिनचूक कळते. बाहेरून जी उदासीनता दिसते ती पुष्कळदा सांभाळून जगण्याची सवय असते.

ती सवय व्याख्यान देऊन जाणार नाही. विचारणाऱ्याचे काही अडत नाही हे दिसले तरच जाईल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तहकूब सभा झाली. ‘हर घर जल’चा ठराव वाचला. गावातील सर्व कुटुंबांना नळजोडणी मिळाली असून पुरेसे, शुद्ध व नियमित पाणी मिळत आहे. सूचक, अनुमोदक, मंजूर. फोनवर चित्रीकरणही झाले, कारण ठरावासोबत ग्रामसभेचा व्हिडिओ वर पाठवावा लागतो.

जलजीवन मिशनची ही पद्धत कागदावर फार चांगली आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला योजना जाहीर झाली. दर माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला यावे असे ठरले. खात्याने काम झाल्याचे कळवले तरी गाव प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा होकार लागतो. म्हणजे शेवटचा शब्द गावाचा. आणि तो शेवटचा शब्द आज आमच्याच सभेने, वरच्या आळीत अजून टँकर येत असताना, देऊन टाकला.

मी उठून विचारले, वरच्या आळीत पाणी कधी आले? सरपंच शांतपणे म्हणाले, “बाई, तुमचा मुद्दा बरोबर असंल. लेखी द्या.” आवाजात राग नव्हता. लेखी कुणी देत नाही हा अनुभव होता.

खोटी माहिती म्हटले की आपल्याला दिल्लीतले मोठे प्रचारयंत्र आठवते. आज डोळ्यांसमोर एक सरकारी आकडा तयार होताना पाहिला. त्याला यंत्र लागले नाही. माणसे घरी बसली एवढे पुरले.

२५ ऑगस्ट, सोमवार

लेखी दिले. माहिती अधिकाराचा अर्ज, जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. आयुष्यभर मुलांना निबंध थोडक्यात लिहायला शिकवले ते आज उपयोगी पडले. आमच्या गावाची नळजोडणीधारकांची यादी आणि पडताळणीचे कागद, एवढेच मागितले. आवक-जावक टेबलावर पोच घेतली. कारकुनाने विचारले, “कशासाठी पाहिजे?” कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे कारण सांगायची गरज नाही, असे मी हसून सांगितले. तोही हसला.

या दीडशे शब्दांमागे केवढा इतिहास आहे. राजस्थानात देवडुंगरी नावाच्या खेड्यात राहून काम करणाऱ्यांनी १ मे १९९० ला मजदूर किसान शक्ती संघटन उभे केले. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंग आणि दुष्काळी कामांवर राबणारी माणसे. कामाची मजुरी पुरी मिळत नव्हती. विचारले की उत्तर यायचे, मोजमापात काम कमी भरले. मोजमाप दाखवा म्हटले की ते सरकारी गुपित. २ डिसेंबर १९९४ ला कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. अशा सुनावण्यांत हजेरीपट मोठ्याने वाचले जात. नाव वाचले की माणूस उभा राहून सांगायचा, मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो. कधी नाव मेलेल्या माणसाचे निघायचे. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्या चळवळीची.

१९९७ साली तमिळनाडू आणि आपल्या गोव्याने माहिती अधिकाराचे कायदे केले. महाराष्ट्राच्या कायद्यासाठी अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. तो कुण्या सरकारने आपण होऊन दिलेला नाही. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या माणसांनी तो मिळवला, आणि तो वापरायला आपल्याला सोमवारची सवड होत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झाले. आज घर शांत आहे.

माहिती दडवण्याचे मार्ग लिहून काढत बसले. कागद न देणे हा सर्वांत जुना मार्ग. त्याहून सोपा मार्ग म्हणजे मोजायचेच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारले गेले की, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले? सरकारचे उत्तर होते, अशी माहिती ठेवलेली नाही. नोंदच नाही, मग दडवली असे तरी कसे म्हणणार? २०१७-१८ च्या ग्राहक खर्चाच्या पाहणीचा अहवाल सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. त्याच वर्षी जानेवारीत रोजगाराचा अहवाल अडकून पडला म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. तो अहवाल लोकसभेची निवडणूक होऊन गेल्यावर, ३१ मे रोजी बाहेर आला. बेरोजगारी ६.१ टक्के. २०२१ ची जनगणना आता २०२७ मध्ये होणार.

यातल्या कोणत्या गोष्टीसाठी गावात मोर्चा निघाला? निघणारही नाही. आकडा भाकरीसारखा हातात येत नाही, त्यामुळे तो हरवला तरी भूक लागत नाही. पण रेशनचा इष्टांक जनगणनेवर ठरतो. अन्नसुरक्षेचे लाभार्थी आजही २०११ च्या लोकसंख्येवर मोजले जातात. त्यानंतर वाढलेल्या घरांतल्या बायका तहसीलला खेटे घालतात आणि त्यांना ‘कोटा संपला’ असे सांगतात. न मोजलेली माणसे ती हीच. हे जोडून दाखवणे आम्हा शिक्षकांचे काम होते. वर्गात आम्ही जनगणनेचे साल पाठ करून घेतले, जनगणना कशासाठी असते ते सांगितले नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

उत्तर आले, तीस दिवसांच्या आत. जनमाहिती अधिकाऱ्यांनी कायदा पाळला, हे इथे आवर्जून लिहिते. प्रत्येक पानाला दोन रुपये भरले आणि यादी हातात आली.

वरच्या आळीतली जवळजवळ सगळी घरे यादीत आहेत. कुटुंबप्रमुखाचे नाव, जोडणी झाली, पाणी सुरू. वहिनींच्या सासऱ्यांचे नावही आहे. ते जाऊन बरीच वर्षे झाली.

सोलापूर, धाराशिवकडे पुराने हाहाकार माजला आहे. इथेही पाऊस थांबत नाही. सगळीकडे पाणीच पाणी, आणि वरच्या आळीत बायका ओढ्यावरून गढूळ पाणी आणून तुरटी फिरवताहेत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नवरात्रात देवीच्या देवळात रोज संध्याकाळी बायका जमतात. आरती झाल्यावर म्हटले, जरा थांबा, एक यादी वाचायची आहे. सभा म्हटले असते तर कुणी थांबले नसते.

पहिली काही नावे वाचली तेव्हा कुजबुज झाली. मग एक म्हातारी म्हणाली, “माझं नाव हाय? आन नळ कुठाय?” मग एकेक जण बोलू लागली. नळ आहे पण पाणी नाही. खांब रोवलाय, तोटी नाही. आधारकार्ड नेले होते, पुढे काही झाले नाही. सासऱ्यांचे नाव आल्यावर वहिनी सगळ्यांत मोठ्याने बोलल्या. कधी न बोलणारी बाई, आवाज थरथरत होता. “मामंजी गेल्यावर नळ आला व्हय त्यांना?”

राजस्थानातल्या त्या सुनावण्यांत काय होत असेल ते आज कळले. माहिती एकट्याने वाचली तर ती एकाचीच राहते. ज्यांची नावे आहेत त्यांच्यासमोर मोठ्याने वाचली की ती खरी की खोटी ते जागेवर ठरते. त्याला तपासनीस लागत नाही. आणि दुसरी गोष्ट. वहिनी एकट्या असत्या तर हप्त्याची भीती होती. पंचवीस-तीस जणींमध्ये कुणाचा हप्ता अडवणार?

२ ऑक्टोबर, गुरुवार

यंदा गांधीजयंती आणि दसरा एकाच दिवशी. ग्रामसभा अर्थातच तहकूब झाली. पुढची ९ तारखेला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

वरच्या आळीतल्या बायका आल्या. बरोबर पोरे, दोन-तीन नवरे, एक निवृत्त फौजी. शंभर नव्हते, पण ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये चपला ठेवायला जागा उरली नाही. यादी भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवली. सरपंचांनी वाद घातला नाही. तेही याच गावचे, त्यांनाही ठाऊक होते. मागचा ठराव वस्तुस्थितीला धरून नाही, फेरपडताळणी व्हावी, असे इतिवृत्तात लिहून घेतले. नंतर खासगीत म्हणाले, “बाई, वरनं रोज फोन यायचा. ठराव पाठवा, ठराव पाठवा. तालुक्याचा आकडा पुरा करायचा होता.”

त्यांच्यावर राग धरावासा वाटला नाही. आकडा पूर्ण दिसावा अशी घाई वरून खाली येते. गाव गप्प असल्यामुळे खालून वर तिला अडवणारे कुणी नसते. सरपंचाला ‘माझे गावकरी ऐकत नाहीत’ असे सांगता आले तर तोही वरच्या फोनला तोंड देऊ शकतो. गावाने प्रश्न विचारला तर प्रामाणिक अधिकाऱ्याच्या हाताला बळ मिळते. ही बाजू आपण कधी बोलून दाखवत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

माहितीच्या अधिकाराला आज वीस वर्षे.

कायद्याची आजची प्रकृती लिहून ठेवते. केंद्रीय माहिती आयोगाचे मुख्य आयुक्त गेल्या महिन्यात निवृत्त झाले, त्यांची जागा अजून भरलेली नाही. देशभरच्या आयोगांपुढे चार लाखांहून अधिक अपिले आणि तक्रारी पडून आहेत. त्यांत सर्वांत मोठा ढीग महाराष्ट्राचा आहे. आयुक्तांना आधी पाच वर्षांची मुदत होती आणि वेतन कायद्यातच बांधलेले होते. २०१९ च्या दुरुस्तीने दोन्ही गोष्टी केंद्र सरकारच्या हातात गेल्या आणि मुदत तीन वर्षांवर आली. माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड कायद्यात आहे. पण अपील ऐकायलाच दोन-दोन वर्षे लागली तर त्या दंडाचा धाक कुणाला?

कायदा कुणी रद्द केला नाही. तसे केले असते तर कदाचित गदारोळ झाला असता. जागा रिकामी ठेवली, तारीख लांबवली, मुदत कमी केली. कलम तसेच छापलेले आहे. फक्त त्याचा उपयोग होईपर्यंत माणूस थकतो.

थकण्याहून वाईटही घडते. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीच्या व्यवहारांतले घोटाळे माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. अशा माणसांच्या संरक्षणाचा जागल्यांचा कायदा २०१४ साली मंजूर झाला. तो अजून अमलात आणलेला नाही. अकरा वर्षे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज यायला हवी अशी ही बातमी आहे. पण न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

शेट्टींना आज मनोमन नमस्कार केला. ते एकटे पडले होते. एकट्या माणसाला विचारायला लावणारा समाज त्याच्या मरणातही वाटेकरी असतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी संपली. शेजारच्या वाडीतली मंडळी येऊन गेली, त्यांचीही तीच कथा. त्यांच्या वाडीच्या यादीसाठी तसाच अर्ज दिला. शिवाय आमच्या योजनेची मोजमाप पुस्तिका पाहायला मिळावी असा दुसरा अर्ज.

१६ नोव्हेंबर, रविवार

वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम निघाले. २०२३ च्या त्या कायद्यात एक कलम आहे, ४४(३). ते परवापासून लागू झाले. त्याने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले.

आधी असे होते. एखादी वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित नसेल किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होत असेल, तर ती नाकारता येई. त्यातही मोठे जनहित असेल तर देता येई. आणि एक सुंदर वाक्य होते, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना ते मुलांना सांगत असे. तुम्ही आणि आमदार इथे एका पायरीवर आहात. ते वाक्य आता नाही. ‘वैयक्तिक माहिती’ एवढे म्हटले की पुरे.

कलम ८(२) अजून शाबूत आहे. जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे सरकार सांगते आणि ते खरे आहे. पण आधी अधिकाऱ्याला नकाराचे कारण शोधावे लागे. आता मागणाऱ्याला होकाराचे कारण सिद्ध करावे लागणार.

लोकांचे खासगीपण जपायला हवे याविषयी दुमत नाही. आधार क्रमांक, आजारपण, बँक खाते चव्हाट्यावर येऊ नये. पण हजेरीपटावरचे नाव, घरकुलाच्या यादीतले नाव, पुरात पीक गेल्याची मदत मिळालेल्याचे नाव, ही सार्वजनिक पैशाची पावती आहे. राजस्थानातली चोरी नावे वाचूनच सापडली. आमच्या देवळात खोटा ठराव नावे वाचूनच उघडा पडला. नाव झाकले की उरते ती संख्या, आणि संख्या उठून उभी राहून ‘मला नळ नाही’ असे सांगत नाही.

याच देशात २०१७ च्या वित्त कायद्याने निवडणूक रोख्यांची वाट केली, म्हणजे पक्षाला कुणी किती पैसे दिले ते मतदाराला कळू नये. ते रोखे घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला १५ फेब्रुवारी २०२४ उजाडला. मधल्या वर्षांत देशाने एक लोकसभा आणि कितीतरी विधानसभा निवडून दिल्या. कोट्यवधींचा देणगीदार गुप्त राहिला. आता नळाच्या यादीतल्या म्हातारीचे नाव गुप्त होणार. या दोन्ही गुप्ततांत म्हातारीचे हित कुठेच नाही.

गावात आज कुणाशी याबद्दल बोलणे झाले नाही. बहुतेकांना ही बातमीच नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वाडीच्या अर्जाला उत्तर आले. ‘मागणी केलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.’ सप्टेंबरमध्ये जी यादी दोन रुपये पानाने मिळाली तीच यादी नोव्हेंबरमध्ये वैयक्तिक झाली. कलम ८(२) चा आधार घेऊन पहिले अपील लिहिले. जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टॅम्प.

मोजमाप पुस्तिका पाहण्याची परवानगी मात्र मिळाली. तिच्यात कुणाची नावे नसतात.

संध्याकाळी वहिनी आल्या. उत्तर वाचून दाखवले. बराच वेळ विचार करून म्हणाल्या, “माझं नाव मीच मागितलं तर?” हे मला सुचले नव्हते. वाडीतल्या प्रत्येकीने आपापल्या घरापुरता अर्ज करायचा. माझ्या नावावर नळजोडणी दाखवली आहे का, कधीपासून, मला सांगा. स्वतःची माहिती स्वतःपासून वैयक्तिक कशी होईल?

८ डिसेंबर, सोमवार

वरच्या आळीतल्या आणि वाडीतल्या बायका घेऊन तालुक्याला गेले. दुपारी तीनची वेळ. एसटीतून आम्ही उतरलो तेव्हा कार्यालयातला शिपाई आधी घाबरला, मग त्याने खुर्च्या आणल्या.

मोजमाप पुस्तिका टेबलावर ठेवली गेली. लांबी, रुंदी, खोली, व्यास. मी वाचत गेले. वरच्या आळीच्या वाहिनीपुढे खोदाईची खोली ०.९० मीटर लिहिली होती. म्हणजे किती, असे एकीने विचारले. मी हाताने कंबरेपर्यंत दाखवले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, “अवो, पाइप तर रस्त्यावर उघडा पडलाय. म्हशी त्याला ठेचकाळत्यात.” पुढच्या पानावर रस्ता पूर्ववत केल्याची नोंद होती. त्याच रस्त्यावरच्या खड्ड्यांतून ही बाई रोज पाणी आणते.

समोर बसलेला तरुण अभियंता खाली मान घालून ऐकत होता. ही नोंद त्याच्या आधीच्या माणसाची होती. शेवटी तो म्हणाला, “तुम्ही हे लिहून द्या, मी जागेवर येऊन मोजतो.” लिहून दिले. आलेल्या प्रत्येकीने सही केली, दोघींनी अंगठा उठवला. वाडीतल्या बायकांचे आपापल्या नावाचे अर्ज त्याच खेपेत दाखल केले. आवक-जावकच्या टेबलावर रांग लागली. प्रत्येकीने आपली पोच घडी करून कनवटीला लावली.

पाणी अजून आलेले नाही. अपील कधी ऐकतील, अभियंता खरोखर येईल का, ठेकेदाराला दिलेले बिल वसूल होईल का, यातले काही आज ठरलेले नाही. पण एक गोष्ट मला आता पक्की दिसते. सत्ता माहिती अडवते, कारण विचारणारा एकटा असेल हे तिने धरलेले असते. कायद्यातली कलमे कमजोर केली जातात तीही याच भरवशावर. कलम वाचवायला न्यायालये हवीत, पत्रकार हवेत, संसदेत विरोधक हवेत. परंतु नुसते कलम वाचून भागत नाही, ते वापरणारे लोकही लागतात. माहिती अधिकाराचे कलम ४ म्हणते की, कार्यालयांनी आपली माहिती न मागता आपणहून प्रसिद्ध करावी. वीस वर्षांत हे कलम फारसे कुणी गंभीरपणे पाळले नाही, कारण ते पाळले गेले नाही म्हणून फारसे कुणी विचारले नाही. लोकांची चिकाटी गेली तर उत्तम कायदाही नुसत्या कागदावर राहतो. ती असली तर दुबळ्या झालेल्या कायद्यातूनही वाट निघते, जशी आज निघाली.

परतताना एसटीत ठरले. मोजमाप पुस्तिकेतले आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावेत, असा ठराव मांडायचा. खर्च किती, ठेकेदार कोण, खोली किती, काम कधी पुरे. कलम ४ चीच मागणी, गावाच्या भाषेत. तो ठराव तहकूब सभेत नको. २६ जानेवारीला पहिल्याच सभेत, पुऱ्या गणपूर्तीने मंजूर व्हायला हवा. त्याला शंभर माणसे लागतील. वरची आळी वहिनींनी घेतली आहे, वाडी वाडीतल्या बायकांनी, खालच्या आळीत मी उद्यापासून घरोघर जाते.